सोनी टीव्हीवर दिसेना

अंकुशनगर, मंगळवार संध्याकाळ

आमची नात सोनी भारताच्या फुटबॉल संघात गोलकीपर. आज नुसती बरोबरी झाली असती तरी आशिया चषकात जागा पक्की होती. पुष्कळ दिवसांनी पोरगी पाहायला मिळेल म्हणून बसलो, तर ती टीव्हीवर दिसेचना. तिकडे जेवते की नाही? आजारी तर नसेल?

तिची आई, आमची सूनबाई, हसली. "मामा, ती दिसत न्हाई म्हंजे बराबर चाललंय. चेंडू तिच्याकडं गेला की मंगच दिसंल."

तरी माझं चालूच, दिसेना, दिसेना.

अगदी शेवटी दिसली. चेंडू तिच्या मागे जाळीत होता. हरलो, चषकातली जागा गेली. सूनबाई डोळे पुसत आत गेली. कॅमेरा बराच वेळ सोनीवरच होता. मी नीट पाहून घेतलं. वाळली आहे पोरगी.