डोंगरावरचं मीठ

आबा, येत्या रविवारी आपला डोंगरावरचा देव मार्बलवर बसणार आहे. गाव उठवून आपल्याला जिथे वसवलं, तिथे गावकीने नवं देऊळ बांधलंय. स्टीलचं सरकतं फाटक आहे, आत एलईडीच्या माळा आहेत, चपला ठेवायला रॅकसुद्धा आहे. इतकी वर्षं देव पत्र्याच्या शेडमध्ये होता, तेव्हा कुणाला त्याची आठवण नव्हती. आता तुझ्या धाकट्याचा आज तिसऱ्यांदा फोन आला. "ताई, ती मिठाची बरणी नक्की आण हां. आपल्या मिठागराचं शेवटचं मीठ आहे, लोकांना दाखवता येईल. फक्त ताटलीत ठेवू, खाली नको, मार्बल खराब होतो." मी बरं म्हटलं. फोन आपटावासा वाटला, पण हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत. म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन एवढी वर्षं झाली तरी मनासारखं चिडायला मला अजून तूच लागतोस.

उन्हं तापायला लागली की मिठागरातली पहिली रास निघायची आणि त्यातलं ओंजळभर मीठ तू धोतराच्या फडक्यात बांधायचास. धाकटा लहान, म्हणून बरोबर मी. तू पुढे, मी मागे, पायवाटेवर घसरडी खडी. मी बडबड सुरू केली की तू मागे न बघताच म्हणतोस, "बोलू नको, दम जातंय." वर शेंदूर फासलेला आपला देव, त्याच्यासमोर एक सपाट कातळ. त्या कातळावर तू मीठ ओततोस, आणि मग काहीच करत नाहीस. नुसता बसतोस. पलीकडच्या वाडीतल्या शेळ्या चरत चरत येईपर्यंत आपण बसून राहायचं. शेळीने मीठ चाटलं की देवाला पोचलं, त्याआधी डोंगर उतरायचा नाही, हा आपला नेम. एकदा ऊन डोक्यावर आलं, माझ्या घशाला कोरड पडली, आणि मी उठून परकर झटकला. तू माझा हात धरून खाली बसवलंस. "देव जेवाचा हाय, नि तू उठतंस?" एवढंच, पण असं काही म्हणालास की मी रडायचंसुद्धा विसरले. मग एक काळी शेळी आली. तू मांडीवर थाप मारलीस, "चाटलां! चला आता," आणि कनवटीचा गुळाचा खडा मला दिलास.

आता मला हे सांग. एका शेळीसाठी पोरीला उन्हात बसवून ठेवणारा माणूस विमानतळाला डोंगर द्यायच्या वेळी का थांबला नाही? शाळेच्या पटांगणात सभा झाली, सगळ्यांनी हात वर केले, तूही केलास. घरी येऊन सुकट-भाकरी खाल्लीस. मी विचारलं तर म्हणालास, "सगलं गाव हो बोललं, मी एकटा काय नाय बोलू?" बोलायचं होतंस! निदान थोडं रेंगाळायचं होतंस. पुढे सुरुंग लागायला लागले तेव्हा तू खिडक्या लावून, कानांत कापूस घालून बसायचास आणि विचारलं की सर्दी झाल्याचं सांगायचास. तू गेलास तेव्हा डोंगर अर्धा उरला होता. जाण्याआधी बरणी मला दिलीस, "ही तुजेकडं ठेव, पोरगा विसरंल." बरणी दिलीस, पण ती न्यायची कुठे ते सांगितलं नाहीस.

या वर्षी मी ती नेली. कळंबोलीच्या ऑफिसातून रजा काढली आणि या वयात, या गुडघ्यांनी, नेपाळला ट्रेकला गेले. दिल्लीचं विमान कुठून उडालं माहीत आहे? आपल्याच विमानतळावरून. शेजारचा माणूस खिडकीतून फोटो काढत होता, किती छान सपाट जागा म्हणत होता. मी पट्टा आवळून समोर बघत बसले.

तिथे वर झाड नाही, हवा विरळ, कुणी ओळखीचं नाही. तरी दुसऱ्याच दिवशी मला घरी आल्यासारखं वाटलं आणि त्याचा रागच आला. चढताना बोलत नव्हते, पाय आपोआप खडीवर तिरके पडत होते, आमच्या ग्रुपचे तरुण धापा टाकत होते आणि मी पुढे. खिंडीत दगडांची रास होती. तिच्याजवळच्या सपाट दगडावर मी बरणीतलं मीठ ओतलं आणि बसले. ढग भरून येत होते, लीडर ओरडायला लागला, "मॅडम, उतरायचंय, चला!" माझ्या तोंडून निघालं, "देव जेवाचा हाय." खांदा कॉलनीत राहायला आल्यापासून मी ही बोली बोललेली नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात एक केसाळ याक आला आणि आरामात दगड चाटायला लागला. त्याची मालकीण मागून आली, हसून हिंदीत म्हणाली, "नमक के लिए तो ये कहीं से भी आएगा. आपके यहाँ भी देते हैं?" मी म्हटलं, हो, देतो. देत होतो म्हणायला जीभ वळेना.

घर सापडायला मला परक्या देशात का जावं लागावं, आबा? हे मी कुणाला विचारू? आणि हे पत्र तरी टाकू कुठे? तुझा पत्ता धावपट्टीखाली गेलाय. राहू दे इथेच, बरणीखाली.

पण एक सांगते. सगळं मीठ तिथेच ओतायचं ठरवून गेले होते, तरी मूठभर परत आणलं. देव मार्बलवर बसवला म्हणून त्याला उपाशी ठेवायचं का? शेळ्या आता इकडे फिरकत नाहीत, म्हणून ओवे गावात एका शेळीवाल्याकडे जाऊन बोलून आलेय. रविवारी पूजा चालू असतानाच तो टेम्पोतून शेळी घेऊन येईल. फाटक मी धरून ठेवणार आहे, मीठ खालीच ओतणार आहे. धाकट्याला यातलं काही ठाऊक नाही. शेळीने चाटेपर्यंत मी कुणाला पंगतीला उठू देणार नाही, मग मार्बलवर काय सांडायचं ते सांडू दे.