मेन बंद, दिवा चालू

११ नोव्हें., मंगळ
करडी गावच्या राईस मिलचं काम सुरू केलं. ग्रीसवर नजर ठेवणारी डबी बसवायची आहे. मागच्या हंगामात धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या वरच्या बेअरिंगला ग्रीस पोचलं नाही. बेअरिंग तापलं, कोंड्यातून धूर निघाला. श्रावणच्या नाकाला वास आला म्हणून मिल वाचली. आता पंप आपोआप आठ नळ्यांतून आठ बेअरिंगला ग्रीस ढकलणार आणि डबी पाहणार, सरकतंय की नाही. नाही सरकलं तर लाल दिवा. लाल दिव्याकडंही कोणी पाहिलं नाही तर मोटर बंद.

श्रावण इथला ग्रीसवाला, एकोणीस वर्षं झाली. चालत्या मिलमध्ये शिडी चढून ग्रीस मारतो, हंगाम संपला की तलावात जाळं टाकतो. डबीभोवती दोन चकरा मारल्या, मग म्हणे, "वामनभाऊ, हे डब्बं मले घरी बसवते का जी?"
"तुले नाही बे, तुह्या शिडीले घरी बसवते."
हसला. पण अर्धंच.

धाकट्या शेठला तीन दिवसांत पाहिजे. "धानाच्या ट्रका लागून राहिल्या, भाऊ." त्यांना सगळंच तीन दिवसांत पाहिजे असते. बहुतेक सात महिन्यांतच जन्मले असतील.

मिल बंद करायच्या आधी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आठही बेअरिंग ऐकले. चौथं कण्या चावल्यासारखं करते. बाकी बरे. मग मेन स्विच खाली ओढला, त्याला तांबडं कुलूप. हे कुलूप साळ्यानं दिलं, जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला आहे. म्हणाला, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं नाही. किल्ली करदोड्याला बांधली.

डबी भिंतीवर घेतली. धाकटे शेठ म्हणत होते एलेव्हेटरच्या अंगावरच ठोका. थरथरत्या अंगावर ठोकली तर महिन्यात सगळे स्क्रू खाली.

मिल गप्प झाली की बरं वाटते. अंधारलेल्या शेडमध्ये देवाचा दिवा तेवढा, मोठ्या शेठच्या गादीवर. कुठंतरी बारीक गुणगुण. रातकिडा असेल. मोठे शेठ एका ट्रकवाल्याला सांगत होते, "हा वामन. मिशा फुटाच्या होत्या तवा यानं हा दिवा लावला. बत्तीस वर्ष झाले. मिलचा मेन हजारदा बंद झाला, दिवा नाही इझला." लाईनच गेली तर ते तेलाची वात लावतात, ती गोष्ट वेगळी. दरवर्षी ऐकतो. दरवर्षी छाती फुगते, खोटं कशाला लिहू.

१२ नोव्हें., बुध
दिवस वाया.
वायर जोडून मिल चालवून पाहिली. कोंडा उडवणारा ब्लोअर सुरू झाला की डबी लाल. बंद केला की हिरवी. ग्रीस तर सरकून राहिलं, डोळ्यानं दिसते! डबीच्या कंपनीच्या साहेबाला फोन. "सर, पेज अठारह देखिए." पाहिलं. इंग्रजी. चौथी शिकलेल्याला पान अठरा काय नि एकशे अठरा काय. चित्र पाहून कळलं ते कळलं: सेन्सरची वायर मोटरच्या केबलला चिकटून नेऊ नये. मी तिला चिकटूनच नेली होती, क्लिपा वाचवायला. शहाणपण.

सगळी काढली. हातभर दूर, वेगळ्या पाईपातून नवीन ओढली. वायर आत जाते तिथं रबरी बूच घट्ट, कोंड्याचा एक कण आत जाता कामा नये. श्रावण शिडीवर, मी खाली. वरून टोमणा: "वामनभाऊ, पह्यलेच सरळ केलं असतं तं आता आपण मंडईत राह्यलो असतो." रात्री त्याच्या गावची मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा. म्हटलं जा, पण सकाळी आठला इथं पाहिजे.

१३ नोव्हें., गुरु
श्रा.ला शॉक लागला.

नीट लिहितो. आठला आला, डोळे लाल, मंडईत रातभर दंडारीचा खेळ पाहत जागला होता. दारूचा वास नाही, माझं नाक कानाएवढंच तिखट आहे. मेन बंद, कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. टेस्टर लावून पाहिला, तिन्ही फेज मेल्या होत्या. डबीची वायर पॅनेलच्या मागून ओढून घ्यायची होती. माझा हात जाड, त्याचा बारीक. मीच म्हटलं, "घाल हात, मेन बंद आहे."
घातला.
स्टुलावरून मागं फेकला गेला. आवाज नाही निघाला तोंडातून. निघाला असता तर बरं झालं असतं.

धाकट्या शेठच्या गाडीतून भंडाऱ्याला. दोन बोटं भाजली, खांदा निखळला होता तो बसवला. हृदय ठीक आहे म्हणे, तरी आज ठेवून घेतलं.

संध्याकाळी एकटा मिलमध्ये परत गेलो. कुलूप तसंच. मेन खाली. मग करंट आला कुठून? टेस्टर पॅनेलच्या पाठीमागं फिरवला. एका काळ्या वायरवर पेटला. बॅटरी मारली. वायर मेनच्या आधी जोडलेली, मेनला विचारतच नाही. तिच्यावरून वर गेलो. भिंतीतून, वाशावरून, गादीवर. देवाच्या दिव्याला.

जोडावर टेप नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. वाळून धानाच्या बांधीतल्या मातीसारखी भेगाळली, तांबं उघडं.
दिवा लावला तेव्हा मी पंक्चरच्या दुकानातून आलो होतो. माझ्याकडं टेप नव्हता, रबर होतं.

जोडावर जाड टेप मारून, पुढं लाकडी फळी ठोकून आलो. तात्पुरतं.
तीन दिवस मेन बंद करून काम करतोय आणि दिवा माझ्या डोळ्यासमोर जळतोय. दिव्याचा चोक गुणगुणतोय. ऐकू आलं होतं मला. रातकिडा म्हणालो.

१४ नोव्हें., शुक्र
दवाखान्यात गेलो. श्रा. उठून बसला. बायको भागरता उशाशी. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "चूक माहीच जी भाऊ. झोपेत होतो. पाहून हात घालाले पायजे होता."
भागरता म्हणाली, "तरी म्या म्हटलं होतं, रातभर जागू नोका."
मी केळी ठेवली टेबलावर. तब्येत विचारली. आलो.
केळी!

१५ नोव्हें., शनि
मिलमध्ये. डबीची बाकी जोडणी एकट्यानं. अर्थिंगचा जुना खड्डा कोरडा ठणठणीत होता, मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं. अर्थ वेगळा, न्यूट्रल वेगळा. आधीच्या कोण्या शहाण्यानं दोन्ही एकत्र पिळून ठेवले होते. (तो मी नाही. हे मात्र खात्रीनं.) डबीला सप्लाय मेनच्या नंतरच जोडला. धाकटे शेठ म्हणत होते, देवाच्या लाईनवरूनच देऊन टाका, ती कधीच बंद नाही होत. नाही म्हटलं, कारण नाही सांगितलं.

दुपारी पत्र्याच्या भिंतीपलीकडून त्यांचा आवाज, मुनीमाशी: "मंडईतून पिऊन आला असन, दुसरं काय. वामनभाऊनं मेन बंद करून कुलूप लावलं होतं, त्यांच्यात काही खोट नाही. श्रावणले म्हणा, आता नोको येऊ."
माझे कान लोक वाखाणतात. ब्लोअरच्या आवाजात कुजबुज ऐकू येते म्हणतात. आज मिल बंद होती, एकेक शब्द आला. पाना हातात होता. उठून दहा पावलं जायची होती फक्त.
नाही गेलो. बुचावरचा नट आवळत बसलो. इतकं आवळलं की आटे गेले. नवीन बसवलं.

१६ नोव्हें., रवि
घरी. बायको, मंदा, म्हणाली, "कालपासून जेवण टाकून राहिले, काय झालं जी?" सांगितलं. सगळं, रबराच्या पट्टीपर्यंत. वाटलं म्हणेल, तेव्हा तुमचं वय काय होतं, जाऊ द्या.
तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बत्तीस वर्ष कौतुक आयकलं ना दिव्याचं? आता एक दिवस शिव्या आयका."

१७ नोव्हें., सोम
सांगितलं.
गादीवर दोघेही शेठ होते. उभ्यानंच बोललो. श्रा. प्यालेला नव्हता, हात मी घालायला लावला, वायर माझी. धाकटे शेठ इकडंतिकडं पाहत म्हणाले, "भाऊ, आता काहून सांगता? कोणाले माहीत होतं?"
"मले होतं ना."

मोठ्या शेठनी दिव्याकडं पाहिलं. मग हळू, "मेन बंद झाला तरी जळला पायजे, असं मीच म्हटलं होतं. तू तं पोट्टा होता."
"पोट्टा होतो शेठ. पण त्यानंतर दरवर्षी येऊन पाहत होतो."
"इझव," म्हणाले. "माह्यासमोर इझव."

लाईनमनला बोलावलं. त्यानं मीटरकडून लाईन काढली. दिवा गेला, त्याच्यासोबत गुणगुणही. मग मी वायर कापली, मुळापासून ओढून काढली. लाईन परत आली, तपासायला मेन घडीभर वर केला. पंखा फिरला, दिवा नाही. मोठ्या शेठनी स्वतः उठून तेलाची वात लावली, दोन काड्या वाया गेल्या. ट्रकवाले आले, त्यांना दिव्याची गोष्ट नाही सांगितली.

वाटलं, सुटलं. कुठलं सुटतंय. धाकटे शेठ बाहेर येऊन म्हणे, "ठीक आहे भाऊ, नव्हता पिऊन. पण ग्रीसवाला आता लागते कायले? डब्बी आली ना."
म्हटलं, "डबी एवढंच पाहते की ग्रीस निघालं. पोचलं का, ते नाही पाहत. मधात नळी तुटली तरी हिरवाच दिवा. रोज एक माणूस नळीनळीनं पाहणारा पायजे."
"तं तुमी या ना महिन्यातून एकदा."
बेअरिंग महिनाभर माझी वाट पाहील म्हणे!
म्हणजे श्रा.ला आधी माझ्या वायरनं फेकलं, आता माझी डबी फेकणार. पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यानं.

१८ नोव्हें., मंगळ
सकाळी भंडाऱ्यातून दुसरं तांबडं कुलूप घेतलं. सात नळ्या लागल्या आहेत. आठवी, एलेव्हेटरच्या डोक्यावरची, मुद्दाम सोडली. मेन खाली. माझं कुलूप काढलं, नवीन लावलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या खिशात घालून श्रा.च्या गावी.

तलावाच्या पाळीवर बसला होता. हात गळ्यात बांधलेला, जाळं भाऊबंद टाकत होते, हा एका हातानं टोपलीतली मासोळी निवडत होता. शेजारी बसलो. सांगितलं. दिव्यापासून पत्र्याच्या भिंतीपर्यंत, काही नाही वगळलं.

मासोळी निवडत राहिला. मग, "ते रबर तुमचं होतं?"
"हो."
"मोठ्या शेठनं दिवा इझवू देला?"
"त्यांनीच म्हटलं."
"तुमाले त्या दिवशी दवाखान्यात माहीत होतं?"
"होतं."
"अन् तुमी केळी घेऊन आले."
खिशातून किल्ल्या काढल्या.

म्हटलं, "मेनवर तुह्या नावाचं कुलूप आहे. तुह्याशिवाय कोणी नाही काढत. वरची नळी तू लाव, एका हातानं नाही जमत तर मी शिडीवर चढतो, तू खालून सांग. मग कुलूप काढ. नाही यायचं तर नको येऊ. पण मग मिल तुह्या कुलपानं बंद, माह्या नाही." किल्ल्या टोपलीजवळ ठेवल्या. त्यानं पाहिलं नाही.

घरी पोचेपर्यंत धाकट्या शेठचे चार फोन. पाचवा घेतला.
"वामनभाऊ, हे कुलूप कोणाचं?"
"श्रावणचं."
"किल्ली?"
"श्रावणपाशी."
"सहा ट्रका उभ्या आहेत इथं! कापतो मी."
"कापा. वरची नळी मोकळी आहे. ग्रीस कोंड्यावर पडन, बेअरिंग कोरडं राहीन, डबी हिरवाच दिवा दाखवन. मागच्यासारखा धूर निघाला तं वास घ्याले यंदा कोणी नाही."
पलीकडं ट्रकांचे हॉर्न. त्याच्याही मागून मोठ्या शेठचा बारीक आवाज, "आरी ठेव खाली." मग फोन बंद. आरी ठेवली की नाही, देव जाणे.

साडेपाच झाले. श्रा.चा निरोप नाही.
पाळीवरून निघालो तेव्हा मागं वळून पाहिलं नव्हतं, हिंमत नाही झाली. पण कान मागंच होते. वीसेक पावलांवर किल्लीवर किल्ली वाजल्याचा आवाज आला. उचलल्या म्हणजे त्यानं. कशासाठी, ते नाही कळलं.
पाण्यात किल्ल्या पडल्याचा आवाज मात्र नाही आला. पार रस्त्याला लागेपर्यंत ऐकत होतो.