यादीतून गळालेली एकसष्ट गावे

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
जिल्हा कन्या वसतिगृह प्रवेश कक्ष,
आदिलाबाद.

विषय : कु. प्रीती हिचा अर्ज मुदतीनंतर स्वीकारणे व अर्जदारास दिलेले प्रशस्तिपत्र परत घेणे याबाबत.
संदर्भ : ऑनलाइन फॉर्म जलद केल्याबद्दल आपण दिलेले दि. २ जूनचे प्रशस्तिपत्र.

महोदय,

अर्जदार हर्षदीप चंपत दुर्गे हा आपल्या कक्षात कंत्राटी प्रोग्रामर असून, खालीलप्रमाणे आपला गुन्हा सादर करतो.

१) वसतिगृह प्रवेशाचा फॉर्म उघडण्यास चाळीस सेकंद लागत. मंडळ, म्हणजे तालुका, निवडले की गावांची यादी, गाव निवडले की जवळची वसतिगृहे; दर निवडीला फॉर्म डेटाबेसकडे धावे आणि तिथे सगळ्या गावांची अंतरे नव्याने मोजत बसे. आपण आठ दिवसांत वेग वाढवण्याचा आदेश दिला, तो रास्तच होता.

२) बरोबर उपाय अर्जदारास ठाऊक होता. अंतरे एकदाच मोजून ठेवायची, माहिती झटकन सापडावी म्हणून टेबलांना इंडेक्स लावायचे. त्यात सात दिवस गेले असते. अर्जदाराने सहा दिवस टंगळमंगळ केली आणि सातव्या दिवशी दोन तासांत काम उरकले : ज्या गावातून गेल्या वर्षी एकही अर्ज आला नाही, ते गाव यादीतूनच काढले. अशी एकसष्ट गावे निघाली, सगळी आडवळणाची. फॉर्म तीन सेकंदांत उघडू लागला. बैठकीत टाळ्या वाजल्या आणि अर्जदाराने त्या निर्लज्जपणे घेतल्या.

३) दि. १२ जून, शेवटचा दिवस. टेकडीगुड्याच्या चंद्रभागाबाई नात प्रीतीला घेऊन खिडकीशी आल्या. त्या गुड्यातून, म्हणजे पाड्यातून, दहावी झालेली ही पहिलीच मुलगी. तिचे गाव यादीत सापडेना. अर्जदार मान वर न करता म्हणाला, "आजी, असं गावच नाही." बाई म्हणाल्या, "गाव नाही म्हनता, मंग आमी कुठून येऊन राह्यलो?" अर्जदाराने शेजारचे गाव टाकण्याचा शहाणपणा शिकवला. त्यावर त्या म्हणाल्या, "तिथं आमाले कोनी वळखत नाही. पोरीच्या पह्यल्याच कागदावर खोटं काऊन लिवू?" पाच वाजता फॉर्म बंद झाला आणि दोघी बसस्टँडकडे गेल्या.

४) त्या गेल्यावर अर्जदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी टेकडीगुड्यातून अर्ज येणार तरी कसा? दहावी झालेलेच कोणी नव्हते. जिथली मुलगी पहिल्यांदा शिकायला निघेल, नेमके तेच गाव अर्जदाराने पुसून ठेवले होते. तेव्हापासून त्यास अन्न गोड लागत नाही. हे कामकाजाशी संबंधित नाही, तरी नमूद करीत आहे.

५) रविवारी अर्जदार टेकडीगुड्यास गेला. प्रीती सरकी लावत होती. अर्जदाराने चूक कबूल केली. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी पाणी दिले. प्रीतीने हात धुऊन कोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला.

६) सबब विनंती की, सदर अर्ज दि. १२ रोजीच आला असे धरून प्रीतीस जागा द्यावी, कारण ती त्या दिवशी आली होती. एकसष्ट गावे यादीत परत घेऊन त्यांना आठ दिवसांची मुदतवाढ द्यावी. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत फॉर्मला पुन्हा चाळीस सेकंद लागतील, ते लागू द्यावेत. अर्जदारास कामावरून काढणे योग्य वाटल्यास तक्रार नाही. मात्र ही दुरुस्ती आधी करू द्यावी.

७) निघताना चंद्रभागाबाईंनी विचारले, "पुढच्या साली तरी आमचं गाव येईन ना जी त्याच्यात?" यंदा प्रीतीचा अर्ज नोंदला गेला नाही, तर अर्जदाराच्याच नियमाने ते पुढच्या वर्षीही येणार नाही, आणि त्यापुढेही कधी नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य अर्जदारास झाले नाही. तो "हो" म्हणून आला आहे.

आपला अपराधी व नम्र,
हर्षदीप चंपत दुर्गे
आदिलाबाद, दि. १६ जून २०२५

सोबत :
१. गळालेल्या एकसष्ट गावांची यादी
२. प्रशस्तिपत्र, मूळ प्रत
३. कु. प्रीती, मुक्काम टेकडीगुडा, हिचा स्वहस्ते लिहिलेला अर्ज