आत्याने काढलेला माझा चेहरा

प्रिय आत्या,

काल दुपारी तू गेल्याचा फोन आला, आणि त्याच दुपारी माझं खोटं संपलं. म्हणून आज लिहितेय. तू असताना लिहायला हवं होतं.

तू आमच्याकडे इथे परदेशात, बुकित बातोकला राहायला आलीस, त्याच्या थोडंच आधी माझी नोकरी गेली होती. नवरा असूनही अभयला मी सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचे आणि क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी, दिवसभर बसून राहायचे.

संध्याकाळी तू मला खिडकीशी बसवून रंगीत खडूंनी माझं चित्र काढायचीस. हात चालू, आणि तोंडी तुझी ती व्हेनिसची चित्रकार. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीस, पण गुरू मानलंस ते अठराव्या शतकातल्या या बाईला. तपकिरीच्या डब्यांची झाकणं रंगवणारी ती, पुढे असल्याच कोरड्या खडूंनी माणसांचे चेहरे काढू लागली. राजेरजवाडे तिच्यासमोर येऊन बसायचे. शेवटी दृष्टीच गेली बिचारीची.

"इतरांना तिनं गोड काढलं गं," तू म्हणालीस. "स्वतःला मात्र जशी होती तशी. म्हातारी, दमलेली."

माझं चित्र पाहून मी चिडले. "ही मी नाही. किती घाबरलेली दिसतेय."

तू बोटं पुसलीस आणि हळूच विचारलंस, "नोकरी गेली का गं?"

मी रडले. तू अभयपाशी अवाक्षर काढलं नाहीस. जाताना एवढंच म्हणालीस, "त्याला तूच सांग." सांगते म्हणाले, आणि सांगितलं नाही. मला दटावलं का नाहीस, आत्या? पण तुझ्यावर तरी कशाला ढकलू?

काल अभय फोनवर म्हणाला, "ऑफिसातच थांब, मी टॅक्सी घेऊन येतो." तुझ्या अंत्यविधीला सांगलीला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, निदान घरी एकत्र जाऊ म्हणाला. मी धावत एमआरटीची ट्रेन पकडली, जुन्या ऑफिसपाशी वन-नॉर्थला उतरले आणि ज्या इमारतीत मला आता कोणी आत सोडणार नाही, तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तू गेली होतीस, आणि मला चिंता कसली, तर अभयच्या आधी पोचले ना याची. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

टॅक्सीत त्यानं माझा हात हातात घेतला, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "एवढे दिवस जेवत काय होतीस?"



आज सकाळी लिफ्टपाशी शेजारच्या आंटीनं विचारलं, "टुडे नो वर्क आह?" तोंडावर 'लीव्ह' आलंच होतं. पण म्हणाले, "नो जॉब, आंटी."

लाज अजून वाटतेच. वाटू दे. पण तुला शब्द देते, ती लपवायला पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

तुझी,
मृणाल