गाडी धाडू नको

मु. पिपरटोला, चामोर्शीजवळ
दि. १९ नोव्हेंबर १९५७

ती. इंदुताईले शकूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुही चिठ्ठी पोचली. इथी आमी दोघंही बरे हाओ. धान कापून शेताच्या बांधीतच पडलं हाये, गावात मजूर भेटत नाई. ह्यांच्या शाळेत सहामाही परीक्षा आली. माही तब्येत चांगली हाये, पाय थोडे सुजतात तेवढंच.

तू लिहिलं का भाऊजी येत्या हप्त्यात मले न्यायले गाडी धाडून राह्यले. ताई, गाडी धाडू नको. वैनगंगेले अजून पाणी हाये, बैलं उगीच थकतील. तुमच्याकडंही कापणी चालू असन, त्यात एक माणूस इकडं काऊन गुतवायचा? सुईण इथीही हाये.

हे वाचून तू म्हणशील, शकी लबाड बोलून राह्यली. बोलून राह्यली बाप्पा! तुह्यापासून आजवर कोणतं लपलं? तं ऐक. पण भाऊजींले वाचून दाखवू नको.

पुनवेचं ग्रहण तुमीही पाह्यलं असन. म्हणजे तू नसन पाह्यलं, पोरांनी पाह्यलं असन. त्याच्या तीन-चार दिवस आधी पेपरात आलं का रशियानं एक कुत्री आभाळात धाडली. तवापासून ह्यांच्या सहावीतली पोरं वेडी झाली होती. रोज चंद्राचं विचारत, चांदण्यांचं विचारत. ह्यांनी ठरवलं का पोरांले ग्रहण आपल्या अंगणात दाखवायचं. आधी शिकवायची तालीम घरी माह्यावरच. कंदील म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र, अन् पृथ्वी कोण? मी! कंदिलासमोर मले उभं केलं, माह्या पोटाची सावली भिंतीवर पडली, त्या सावलीत लिंबू धरलं अन् म्हणे, "पाह्य, झालं ग्रहण. कोण कोणाले गिळते यात?" मी हसून हसून बेजार झाली. पयलं लेकरू गेल्यापासून मी अशी हसली नोती.

वर्गात एकच पोरगी हाये, मंगली. लय चलाख. तिनं भर वर्गात विचारलं, "गुरुजी, निसती सावलीच असन तं माही वहिनी बाहेर आली तं चालते का?" तिची वहिनी सोमारी, तिलेही दिवस हायेत, माह्याहून महिनाभर पुढं. हे म्हणाले, "चालते. माही बायकोही येणार हाये अंगणात." घरी येऊन मले सांगितलं. मी म्हणलं, "येईन ना, त्यात का हाये!" लिंबाचं हसू तवाही तोंडावर होतं.

मंग तुही आधीची चिठ्ठी आली, का ग्रहणात घरातच बसजो, विळ्याले हात लावू नको. मी तुह्यावर ढकलत नाई, ताई. तू नसतं लिहिलं तरी मी तेच केलं असतं.

पुनवेले दिवस बुडता बुडता पोरं जमली. कुंपणाबाहेर गाव जमलं. चंद्र मोहाच्या झाडावर चढला अन् कडेनं काळा पडू लागला. ह्यांनी आवाज दिला, "ये वो बाहेर." मी दाराजवळच उभी होती. पाऊल उचललं, अन् तुह्या हातातलं ते लेकरू डोळ्यापुढं आलं, रडलंच नाई ते. त्या साली ग्रहण-बिहण काई नोतं, हे मले कळते. कळूनही माह्या हातानं कडी लावली.

ह्यांनी पयले हसत बोलावलं. मंग हळू आवाजात. मंग बोलावलंच नाई.

फटीतून मले सोमारी दिसत होती. डोक्यावर पदर घेऊन अंगणाच्या मधोमध एकटी उभी. चंद्र तांब्याच्या गडव्यावानी झाला होता, पोरं ओरडत होती, अन् ती वर पाहायची सोडून माह्या दाराकडं पाहात होती. तेवढ्यात तिची सासू, मंगलीची माय सुकरी आली अन् तिचा हात धरून ओढत म्हणाली, "मास्तरची बायको कडी लावून बसली, अन् तू इथी तोंड वर करून उभी? लेकराचा ओठ फाटला तं मास्तर शिवून देईन का?" कुंपणापाशी कोणीतरी फिदीफिदी हसलं.

ह्यांले मी सांगितलं, चक्कर आली. ह्यांनी पाणी देल्लं, पाय दाबले. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं का बाईंची तब्येत बिघडली होती. माह्यासाठी त्या माणसाच्या तोंडून खोटं निघालं, अन् त्याले मालूमही नाई. ताई, मले माहीच एवढी किळस आली का जेवण जाईना.

मंगली शाळेत येईनाशी झाली. सुकरीनं तिले घरी बसवलं, म्हणते, मास्तर आपली बायको घरात ठेवून दुसऱ्याच्या सुनेवर शिकवतो. अन् सोमारीशी घरात कोणी धड बोलत नाई. उद्या तिच्या लेकराले खोकला झाला तरी आता ते ग्रहणाचंच होईन.

परवा मी ह्यांले खरं सांगितलं. मले वाटलं, चिडतील. चिडले असते तं बरं होतं. म्हणाले, "तुले न विचारता मी वर्गात सांगून मोकळा झालो. चूक माहीच हाये." असं म्हणून वह्या तपासायले बसले, अन् एकाच वहीवर किती वेळ बसून राह्यले.

काल मी सुकरीकडं गेली. सोमारी समोरच धान पाखडत होती. मी म्हणलं, "मले चक्कर-बिक्कर नोती आली. मी भेली. गुरुजींनी शिकवलं ते खरं हाये, मीच खोटी हाओ. मंगलीले शाळेत धाडा." सुकरीनं मले बसाले सांगितलं नाई. म्हणाली, "तुले भेव लागते, तं माह्या सुनेले लागत नसन का? तरी ती आली. तुह्या भरवशावर आली."

मंग म्हणाली, "पोरीले धाडीन. पण सोमारी बाळंत होईन तवा तू पायजे. लेकरू पयले तुह्या हातात देईन. तूच पाह्य, अन् जसं असन तसं तूच गावाले सांग."

पोटुशी बाईनं दुसरीच्या बाळंतपणात बसू नये, हे तू आता वाचता वाचता ओरडली असशील. माह्याही तोंडावर तेच आलं होतं. पण सोमारीनं सूप थांबवून माह्याकडं पाह्यलं, फटीतून दिसली होती तशीच. मी "येईन" म्हणून आली.

आज मंगली शाळेत आली. आता सोमारी मोकळी होईस्तोवर मी इथून हालत नाई. माहे दिवस भरत आले तरी नाई. म्हणून गाडी धाडू नको. रागाव, शिव्या दे, पण चिठ्ठी लिहिजो.

अन् एक लिहिजो. मी तुले आजवर विचारलं नाई, माही हिंमत झाली नाई. ते लेकरू तुह्या हातात आलं, तवा माह्याकडं पाहायच्या आधी तू आपलं तोंड कसं सावरलं? मले शिकून ठेवावं लागते.

तुही भित्री,
शकू