भर दुपारचं नाटक

बाबा, परवा नातीने विचारलं, आजी, तू पहिल्यांदा स्टेजवर कधी गेलीस? मी म्हटलं, युद्ध चालू होतं तेव्हा, भर दुपारी. तिला वाटलं, मी थापा मारतेय.

तुमचा हट्टच तसा. नांदुऱ्यात ब्लॅकआउट, काचांना काळे कागद, पेट्रोमॅक्स लावायची सोय नाही, आणि तुम्ही जवानांच्या मदतीसाठी नाटक जाहीर करून बसलेले. रात्री जमत नाही तर दिवसा करू, म्हणालात, आणि कापूसबाजाराच्या आवारात बैलबंड्या जोडून त्यांवर फळ्या टाकल्यात. मग तुमची नायिकाच गळाली. स्टेशनातले बुकिंगबाबू, दरवर्षी मिशी काढून नऊवारी नेसणारे. लष्कराच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्यांची रजा रद्द झाली. तालमी ऐकून त्यांचं सगळं काम मला पाठ होतं. मी करते म्हटल्यावर आई कडाडली, "पोरीचं लगन कराचं हाय का नाटक? मलकापूरवाल्यायले समजलं तं?" मलकापूरचे लोक मला पाहून गेले होते, बोलणी जवळजवळ ठरलेली. तुम्ही म्हणालात, "अवं, रंगात कोन वळखते तिले?"

दुपार होते. तुम्ही नेहमीच्या सवयीने रंग थापता, मला उजेडात उभं करता आणि मागे सरून पाहता. बत्तीखाली खुलणारा तो रंग उन्हात चुना फासल्यासारखा दिसतो. माझं काम रणावर गेलेल्या शिपायाच्या बायकोचं, आणि लोक हसणार. तुमचा चेहरा उतरतो.

"धुऊन टाक," तुम्ही म्हणता. मग हळूच, "पन सारे वळखतीन तुले. नाही म्हन, मी लोकायले घरी पाठवतो."

मी सरळ बादलीशी जाऊन तोंड धुते.

काम झकास झालं माझं, हे आजही सांगते. बायका पदराने डोळे पुसत होत्या. आठवड्याच्या आत मलकापूरहून नकार आला. न कळवता ते नाटकाला येऊन बसले होते. पुढे माझं लग्न झालं, संसार चांगला झाला, तरी तुम्ही म्हणत राहिलात, "म्याच तिले तोंड धुवाले लावलं." शेवटच्या आजारपणातही म्हणालात. मी नुसते तुमचे पाय चेपत राहिले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील माझ्याच कपाटात. पण बाबा, तोंड धुण्याआधी मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं होतं. मलकापूरच्या मुलाची आई पुढेच बसली होती. मला ते घर नको होतं, असं नाही. नाटक जास्त हवं होतं.