पंचफुलेच्या हातची चौकट

मी, चंपतराव महादेव दुधलकर, धंदा सुतारकाम, राहणार सक्करदरा, नागपूर, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, लिहून ठेवतो. वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून मजकूर मी सांगितला आणि वकील आनंदराव यांनी लिहिला. त्यांनी मध्येमध्ये शब्द सुधारले, ते मी पुन्हा माझे करून घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खाली लिहिलेली मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे.

माझी पत्नी रुखमाबाई हयात नाही. थोरला मुलगा गोविंदा टायफॉइडने गेला. त्याची पत्नी पंचफुला माझ्याजवळ राहते; तिला मूलबाळ नाही. धाकटा रुपराव हिंगण्याला फिटर आहे आणि पत्नी चारुशीला व मुलींसह तिकडेच राहतो.

१. राहते घर रुपराव आणि पंचफुला यांचे निम्मे-निम्मे व्हावे. भिंत घालू नये. स्वयंपाकघर एकच ठेवावे, सणाला तरी.

२. घरामागचा कारखाना, करवतीचे मशीन, मोटर आणि कलम चारमधले एक हत्यार सोडून सगळी लहान-मोठी अवजारे पंचफुला हिची एकटीची. रुपरावचा यात हिस्सा नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे. कारण लिहितो.

गोविंदा गेल्यावर पंचफुलेचे भाऊ तिला न्यायला रामटेकहून आले होते. तिची ट्रंक दारात येऊन पडली होती. मी तोंड लपवायला कारखान्यात जाऊन बसलो आणि बसलो म्हणून मशीनची आडवी पट्टी उघडली. लाकूड या लोखंडी पट्टीला टेकवायचे आणि पट्टीसकट फिरत्या पात्यावर ढकलायचे, असे ते काम असते. पट्टी मशीनच्या टेबलावर काटकोनात उभी नसेल, तर प्रत्येक काप तिरका येतो आणि कोणताही सांधा बसत नाही. टेबलावर काटकोन तपासायचा गुण्या उभा करून पट्टीला लावायचा आणि मधून उजेड दिसतो का ते बघायचे. मला उजेडही दिसेना, पट्टीही दिसेना. घरचे दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी तिला हाक मारली.

"पंचफुला, इकडं ये वं. गुण्याच्या मधून उजेड दिसते का, पाह्य."

ती वाकली. "दिसते, मामाजी. वरतून दिसते, खालतून नाही."

"म्हणजे पट्टी मागे कलली."

मी बिडीच्या बंडलाचा कागद फाडून दिला. तिने तो पट्टीच्या मागे वरच्या अंगाला सरकवला, बोल्ट आवळला, पुन्हा डोळा लावला. एका कागदाने भागले नाही. दुसरा घातला तर पट्टी पुढे झुकली. मग तिने माझ्याकडे न बघता दुसऱ्या कागदाऐवजी बिडीच्या पानाचा पातळ पापुद्रा घातला. मी एक फळी कापून दाखवली. कापलेल्या दोन तुकड्यांतला एक उलटा करून दुसऱ्याशी जुळवला की असलेली चूक दुप्पट होऊन समोर येते. तिने तुकडे जुळवून खिडकीकडे धरले. फट नव्हती. गोविंदा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

भाऊ चहा पिऊन उभे राहिले होते. ती त्यांना म्हणाली, "तुम्ही जा. मामाजीले दिसत नाही." ट्रंक तिने स्वतः उचलून आत नेली.

तेव्हापासून मशीन तिच्याच हाती आहे. मी सांगतो, ती बघते. आता मी सांगतही नाही.

३. घराची दर्शनी सागवानी चौकट कोणीही काढू नये, विकू नये, तिला ऑइलपेंट तर मुळीच लावू नये.

ही चौकट खरे तर महाल भागातल्या गोपाळरावांच्या नव्या घरासाठी होती. पंचफुलेने ती एकटीने कापली आणि जुळवली. नेण्याच्या दिवशी गोपाळराव हातगाडी न आणता नुसतेच आले.

"काम चांगलं आहे जी चंपतराव. पण घरचे ऐकत नाहीत. चौकटीले सवाष्णीचा हात पाहिजे म्हणतात."

"चौकट तिनं केली, हे तुमच्या घरच्यांले कोणं सांगतलं?"

त्यांनी मान खाली घातली. सांगणारा माझा चुलतभाऊ ताराचंद होता. पंचफुला मशीनपाशी उभी होती. तिने सगळे ऐकले, मोटर बंद केली आणि आत गेली. त्यानंतर काही दिवस ती कारखान्यात आली नाही. बोलावले तर म्हणायची, "काहून तुमचं गिऱ्हाईक तोडू, मामाजी?"

मी रुपरावला निरोप पाठवला. रविवारी तो चारुशीलेला घेऊन मोटरसायकलवर आला आणि आम्ही बापलेकांनी आमच्या घराची जुनी चौकट उपटली. नवी मोठी होती, भिंत फोडावी लागली. संध्याकाळी चौकट उभी राहिली, तेव्हा शेजारपाजार जमला होता. पूजेचे ताट चारुशीलेच्या हाती होते. पंचफुला सगळ्यांच्या मागे, न्हाणीच्या भिंतीला टेकून. चारुशीला ताट घेऊन तिच्याकडे गेली.

"जाऊबाई, चौकट तुमची आहे. तुम्हीच लावा."

"नको वं. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या ना."

पंचफुलेने हळदीकुंकू लावले. थोडे कुंकू उंबऱ्यावर सांडले; ते तिने बोटाने टिपून चौकटीच्या दुसऱ्या अंगालाही लावले. शेजारच्या इंदूबाईंनी पुढे होऊन आधी चौकटीला नमस्कार केला, मग पंचफुलेचे डोळे पदराने पुसले.

पुढे येणारे-जाणारे ती चौकट बघून काम विचारू लागले. गोपाळरावांनीही खिडक्या आमच्याकडेच केल्या. खिडक्यांना त्यांच्या घरच्यांची हरकत नव्हती.

४. ताराचंद याला माझा लाकूड तासायचा वाकस द्यावा. तासकामात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि चांगले हत्यार चुकीच्या हातात जाऊ नये. मात्र तो त्याने स्वतः घरी येऊन, पंचफुलेच्या हातून घ्यावा. चहा घेतल्याशिवाय तिने त्याला सोडू नये.

५. पोस्टात जे असेल ते रुपरावच्या मुलींच्या शिक्षणाला. धाकटीला मशीनचा आवाज आवडतो. तिला कोणी हाकलू नये.

६. पंचफुलेने पुन्हा लग्न केले तरी कलम एक आणि दोनमधले तिचे हक्क तिळमात्र कमी होणार नाहीत. ते तिचे आणि तिच्या होणाऱ्या मुलाबाळांचे राहतील.

इथे आनंदराव लिहिता लिहिता थांबले. "चंपतराव, लोक लिहून घेतात की लग्न केल्यास हक्क संपेल. तुम्ही उलटं सांगून राहिले."

"म्हणूनच तर लिहा म्हणतो. नुसतं बोललेलं कोणी ऐकत नाही."

रुपरावच्या कंपनीतला बळीराम, ज्याची बायको मागे वारली, आमच्या पात्याला धार लावून आणून देतो. पाते इतक्या वेळा बोथट होत नाही. पंचफुलेलाही ते माहीत आहे, तरी ती दर वेळी पाते काढून देते. याहून जास्त मी लिहिणार नाही. पुढचे तिचे तिने ठरवायचे.

ती हो म्हणाली, आणि मी नसलो, तर तिच्या पाठीशी भाऊ म्हणून रुपरावने उभे राहावे, आणि लग्न याच घरातून लावावे. रामटेकच्यांना मानाने बोलवावे.

हे कलम मी काल आनंदरावांकडून रुपरावला वाचून दाखवले. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मला वाटले, कारखान्याचा विषय मनातून गेला नसावा. मग म्हणाला, "बाबा, तुमच्या मागे काहून? तुम्ही आहात तवाच करून टाकू ना."

माझ्या हयातीतच लग्न झाल्यास कलम सहामधला लग्न लावण्याचा हा भाग रद्द समजावा. तो रद्द व्हावा हीच माझी इच्छा आहे.

हे मी ऐकून, समजून, समाधानाने सही करत आहे. अंमलबजावणी रुपरावने करावी.

नागपूर, दिनांक १२ फेब्रुवारी १९७६

(सही) चंपतराव महादेव दुधलकर

चंपतरावांनी आम्हा दोघांसमोर, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने सही केली; आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. (सही) नत्थूजी कवडूजी बावणे, लाकडाचे व्यापारी
२. (सही) इंदूबाई श्रावण ठवकर, शेजारी